वाळूस्थानचं हवाई दल

रिकामी रविवार सकाळ आणि एक टेबल मिळालं, की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे तर एक अख्खं हवाई दल साचलं! हल्ली मात्र त्यातला कुठलाही किस्सा सांगताना मला वाईटच वाटतं.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत आम्ही तिघं वाळूस्थान नावाच्या काल्पनिक वाळवंटी देशासाठी विमानांची यादी करायचो. मी निवृत्त ड्राफ्ट्समन, स्वयंघोषित एअर चीफ. निखिल खराडीला आयटीत. आणि कानिटकर, खऱ्या हवाई दलाच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढलेले.

*

पहिल्याच दिवशी मी चाळीस फायटर घेतली. कानिटकरांनी चष्मा पुसला.

"छान. आणि सावली किती घेतलीत?"

हँगर माझ्या डोक्यातच नव्हते!

*

निखिलला तीन देशांची विमानं आवडली. "काका, व्हरायटी हवी ना!"

"पान्यांचे तीन सेट, पुस्तकं तीन भाषांत," कानिटकर म्हणाले. " या देशात मुलगी देईन एकवेळ, मेकॅनिक देणार नाही!"

*

वाळूचं एवढं काय, असं निखिल एकदा बोलून गेला. कानिटकर नुकतेच मंडईतून आले होते. त्यांनी पिशवीतली मेथीची जुडी काढली आणि तिची माती त्याच्या लॅपटॉपवर झटकली.

"हे तुमचं इंजिन. आता फिल्टर मागा."

सोमवारी निखिलचं एंटर बटण चालेना. ऑफिसात कारण काय सांगितलं, ते त्याने आम्हाला कधीच सांगितलं नाही.

*

सोसायटीच्या स्नेहसंमेलनात आम्ही ती यादी पडद्यावर दाखवली. मी रंगात आलो होतो. तेवढ्यात कानिटकर उठून म्हणाले, "चाळीस नकोत. बारा घ्या, पण बाराही उडतील."

माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "यांनी जन्मभर नटबोल्ट मोजले, यांना आकाश काय दिसणार!"

टाळ्या पडल्या. कानिटकरही हसले. मग स्वतःची खुर्ची नीट भिंतीला लावून ते निघून गेले आणि पुन्हा कधी रविवारी आले नाहीत. त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. टाळ्यांसाठी मी चांगला मित्र घालवला.

*

वर्षभराने धीर करून त्यांच्या दारात गेलो.

"काय हवंय ते लेखी द्या," ते म्हणाले. "स्टोअरची पद्धत आहे. तीन प्रतींत."

दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. वस्तू : कानिटकर. नग : एक. मागणीचं कारण : माझी जीभ.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. खिशातलं लाल पेन काढून तिन्ही प्रतींवर लिहिलं, 'शिल्लक नाही.' खाली सही केली. दोन प्रती माझ्या हातात दिल्या.

"तिसरी?" मी विचारलं.

घडी घालून त्यांनी ती वरच्या खिशात ठेवली.

"ती स्टोअरला राहते."