मेंढरांनी पुसलेला माग

भाऊंनी माझ्या बापाला फसवलं. सगळा तालुका त्यांना भाऊ म्हणतो म्हणून मीही तेवढंच म्हणते. भाऊ म्हणजे निजामाच्या तुरुंगात जाऊन आलेले स्वातंत्र्यसैनिक, पुढं तालुक्याचे पुढारी. माझा बाप मेंढरं राखणारा धनगर. या फसवणुकीला माझाही हात लागला आणि ते कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. तेही इथं लिहिते, कारण मी बाजारात बसणारी बाई आहे आणि खोड लपवून जनावर विकलं की गिऱ्हाईक परत येत नाही, हे मला ठाऊक आहे.

गोष्ट मी लहान असतानाची. देशाला स्वातंत्र्य मिळालं होतं, पण आमच्या मुलखाला नव्हतं. तिकडं वऱ्हाडात तिरंगा लागला आणि इकडं परभणीत अजून निजामाचंच राज्य. भाऊ तेव्हा शिक्षण सोडून आलेले जवान गडी. त्यांचा कॅम्प सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात होता. तिकडून यायचे, कधी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका जाळायचे, कधी पटवाऱ्याचं दप्तर, आणि पूर्णा नदीच्या उतारानं परत जायचे. पावसाळ्यात आमची काळी माती अशी की माणूस चालला की पाऊल जसंच्या तसं उमटतं. दुसऱ्या दिवशी पोलीस माग काढत यायचे आणि ज्या गावाच्या शिवारात माग थांबला त्या गावाला झोडपायचे.

यावर तोड माझ्या बापानं काढली. उजाडायच्या आत तो सगळा कळप त्याच वाटेवरून नदीपर्यंत घालायचा. दीडएकशे मेंढरं तुडवून गेली की वाटेवर खुरांशिवाय काही राहायचं नाही. पाच-सहा वेळा त्यानं हे केलं. त्यासाठी कुणी त्याला काही दिलं नाही आणि त्यानं मागितलंही नाही.

एकदा पोलिसांना संशय आला. भर पावसात पाण्यावर कोण मेंढरं नेतं? त्यांनी बापाला चावडीत तीन दिवस ठेवलं. उजव्या हाताची दोन बोटं मोडली, ती पुढं कधी सरळ झाली नाहीत. बापाचं एकच उत्तर, “मेंढरं जिकडं जातेत तिकडं मी जातो, साहेब.” शेवटी येडा समजून त्याला सोडलं आणि निम्मा कळप रझाकारांनी हाकून नेला.

पंधरा दिवसांनी भाऊंचा एक साथीदार ज्वारीच्या रानात पोलिसांना सापडला आणि गोळीनं मेला. तो आमच्याच गावचा होता. त्याचा थोरला भाऊ आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायचा. मग गावात कुजबुज सुरू झाली. बाकीच्यांना महिनो न् महिने सोडत नाहीत, धनगराला तीन दिवसांत कसा सोडला? त्यानं काहीतरी सांगितलं असेल.

तोंडावर कुणी बोललं नाही. पण आमच्यात खतासाठी मेंढरं शेतात बसवायची रीत आहे. शेतकरी स्वतः येऊन सांगतो, माझ्या रानात दोन रात्री बसव, आणि बदल्यात धान्य देतो. त्या सालापासून आमच्या गावातला एकही शेतकरी बापाकडं आला नाही. बाप येलदरीच्या बाजूला, पाथरीच्या बाजूला, कुठंकुठं लांबच्या शिवारात कळप बसवायचा. मी आईला विचारायची, “आपली मेंढरं आपल्या गावात का बसत न्हाईत?” आई म्हणायची, “गप चाल.”

निजामाचं राज्य गेलं, भाऊ हारतुरे घालून परत आले आणि तालुक्याच्या गावी राहायला गेले. एकदा जत्रेत बाप भेटला तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझी गवाही मी देईन. लोकांना सांगायला मी हाय.” बाप ते वाक्य पंचवीस वर्षं सांभाळत बसला.

मधल्या काळात धरण झालं. ज्या उतारावर बापाची मेंढरं पाण्यात शिरायची तो उतार, ती वाट, अख्खं रान पाण्याखाली गेलं. माझं लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलं, मी माहेरी आले. मग दुष्काळ पडला. बापानं उरलेला कळप मिळेल त्या भावाला विकला आणि भिंतीला टेकून बसला. तेव्हा मी उठले. जिंतूरच्या बाजारात दोन पाठी, म्हणजे शेळीची मादी पिल्लं घेतली, पूर्णा गावच्या बाजारात विकली, मग चार घेतली. बाई बाजारात बसते म्हणून लोक हसले. वर्षभरात तेच लोक माझ्याकडून जनावर पारखून घ्यायला लागले. सौदा मी कुणाकडून शिकले नाही. जे जनावर पाहिजे त्याच्याकडं बघायचं नाही. पहिला भाव आपण बोलायचा नाही. समोरच्यानं सांगितला तर तो घ्यायचा नाही. अडलं की उठायचं आणि चालायला लागायचं. दहा पावलांच्या आत हाक येते. मला नेहमी आली.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या साली तालुक्यात मोठा सोहळा ठरला. स्वातंत्र्यसैनिकांची यादी व्हायला लागली, कुणाला ताम्रपट, कुणाला मानधन, असं बोललं जाऊ लागलं. यादीवर शेवटचा शब्द भाऊंचा. तेव्हा बापानं जन्मात पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं.

“भाऊकडं जाऊन ये,” तो म्हणाला. “म्हणावं, एकदा लोकांत सांग. मी कसा सुटलो ते.”

“नुसतं सांगून काय व्हतंय? दस्तखत घेते की कागदावर.”

“कागद मला वाचता येत न्हाई, माय. अन् त्यो चार घरं सोडून राहातो त्यालाबी येत न्हाई. त्याच्या कानावर पडलं पायजे.”

मी हो म्हणाले आणि ऐकलं नाही. माझ्या डोक्यात कागद होता. पुढं कुणी तोंड फिरवलं तर कागद तोंडावर मारता येतो, असा माझा हिशेब.

भाऊंच्या ओट्यावर पाच-सहा माणसं बसली होती. भाऊंनी मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी विषय काढला. ते म्हणाले, “सहीचं अवघड हाय, बाई. सहा महिने तुरुंग पायजे, न्हाईतर भूमिगत असल्याचा पुरावा. तुझा बाप तीन दिवस चावडीत व्हता. त्याची नोंद कुठाय?”

“नोंद पटवाऱ्याच्या दप्तरात आसंल,” मी म्हणाले. “दप्तर तुमीच जाळलं.”

ओट्यावरची माणसं हसली. भाऊही हसले, पण थोडे उशिरा. मग म्हणाले, “हे बघ. सही माझ्या हातात न्हाई. पण बोलणं हाय. पंधरा ऑगस्टला मी माइकवर सांगतो. मेंढरं, चावडी, बोटं, सगळं. म्हातारबाला पहिल्या रांगेत बसव. शाल-नारळ देतो. गोळी लागून गेला त्याच्या घरचेबी येणार हायेत, त्यांच्या समोर सांगतो.”

बापानं मागितलं होतं ते नेमकं हेच. अक्षरही कमी नव्हतं. आणि मला त्यात काय ऐकू आलं, तर पहिला भाव. इतक्या लवकर इतकं देतोय म्हणजे अजून देईल.

“शाल घेऊन काय करू?” मी म्हणाले. “शेळी खाईल ती. दस्तखत देणार आसाल तर बाप येईल. न्हाईतर तुमचा सोहळा तुमालाच लखलाभ.”

“आगं, ऐक तर.”

“ऐकलं.”

मी उठले. पायऱ्या उतरले. चपला घालायला मुद्दाम वेळ लावला, एका पायाचा अंगठा नीट बसवला, मग दुसऱ्या. फाटकाची कडी सावकाश काढली. मागून हाक आली नाही. भाऊ कुणाला तरी खताच्या परमिटाचं विचारत होते. मी रस्त्याला लागले, तरी कोपऱ्यापर्यंत कान मागंच होता.

घरी येऊन बापाला एवढंच सांगितलं की भाऊ सही द्यायला तयार नाहीत, पण थांब, हाक येईल. माइकचं सांगितलं नाही. आधी वाटलं, हाक आल्यावर सगळं मिळूनच सांगू. मग दिवस गेले आणि सांगायचं तोंड राहिलं नाही.

पंधरा ऑगस्टला बाप मला न सांगता गेला. मला शेजारणीनं सांगितलं तेव्हा मी मागून एसटीनं गेले. तालुक्याच्या शाळेच्या मैदानात मांडव होता. बाप दोरीच्या बाहेर, सगळ्यांच्या मागं, घोंगडी खांद्यावर टाकून उभा होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले. पुढच्या रांगेत गोळीनं मेलेल्याचा तो थोरला भाऊ बसला होता, डोक्याला नवा पटका.

भाऊ बोलायला उभे राहिले. ते बोलतात छान, ते नाकारत नाही. नाका कसा जाळला ते सांगितलं, साथीदार कसा गेला ते सांगताना त्यांचा आवाज खरंच बसला. आणि मग म्हणाले, “आमचा माग पोलिसांना लागला न्हाई, तो का? तर आमच्या मेहुण्यांनी पहाटे आपली पांढरीशुभ्र मेंढरं त्या वाटेवर घातली.” मेहुणे मंचावर बसले होते. उठून हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्यांचं नाव यादीत होतं, ताम्रपटही त्याच दिवशी मिळाला. मेंढरू त्यांच्या घरी कधी आलं असेल तर ते ताटात.

मी दोरी उचलून आत शिरले. कार्यक्रम संपून माणसं पांगायला लागली तेवढ्यात भाऊंना गाठलं. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. “लाज वाटत न्हाई का? माझ्या बापाचं चोरून मेहुण्याला दिलं,” इथपासून सुरू केलं आणि मग त्यांच्या सात पिढ्या काढल्या. माणसं जमली. भाऊंनी मला पुरतं बोलू दिलं. मग शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बाई, मी म्हातारबाला पहिल्या रांगेत बसव म्हणालो व्हतो. माइकवर सांगतो म्हणालो व्हतो. माझ्या ओट्यावर पाच माणसं व्हती, विचार त्यांना. दस्तखत पायजे म्हणून तूच उठून गेलीस.”

कुणीतरी मागून म्हणालं, “पेन्शनीसाठी आलीय.” आणि हसू पसरलं.

बाप माझ्या मागं येऊन उभा राहिलाय हे मला माहीत नव्हतं. त्यानं मला विचारलं, “आसं म्हणला व्हता त्यो?”

“व्हय.”

“माइकवर?”

“व्हय, बा.”

मला वाटलं शिव्या देईल, हात उगारेल. त्यानं घोंगडी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि एसटी स्टँडकडं चालायला लागला. थोरला भाऊ तोवर बैलगाडीत बसून निघून गेला होता. आमच्याकडं त्यानं बघितलं नव्हतं.

येताना गाडीत बाप खिडकीशी बसला होता. धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, “पांढरी म्हणला. आपली काळी व्हती. पांढरी आसती तर लांबून दिसली नसती का?” पुढं त्या विषयावर तो कधीही बोलला नाही.

मी मात्र गप्प बसले नाही, आणि तेही चुकलंच. जिंतूरच्या बाजारात, पूर्णेच्या बाजारात, येईल त्याला सांगत सुटले. लोक ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, “मग पेन्शन किती मिळाली असती?” माझ्या बोलण्याला सौद्याचा वास यायचा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ते खरं वाटलं असतं. ते सांगू शकणारा एकच माणूस होता आणि त्याच्या ओट्यावरून मी चपला घालून उतरले होते.

चार वर्षांनी बाप गेला. आजूबाजूच्या गावांतून धनगर आले, लांबलांबचे शेतकरी आले, ज्यांच्या रानात त्यानं मेंढरं बसवली होती ते. आमच्या गावची माणसं कमी होती. चार घरं सोडून राहणारा तो आला नाही. त्या दिवशी त्याचं दार लावलेलं होतं.

त्या माणसाचा मला राग नाही. त्याचा भाऊ मेला, आणि कुणी सांगितलं हे त्याला आजवर कुणी सांगितलं नाही. माझा बाप त्याच्या घरावरून दिवसातून दोनदा जायचा आणि खाली बघून जायचा. आपण काही केलं नाही हे ठाऊक असलेला माणूस जवळजवळ तीस वर्षं खाली बघून चालला.

माझी चूक मी वर लिहिली आहे. मी हावरी झाले, बापाचं ऐकलं नाही, त्याच्यापासून लपवलं. त्याची माफी मागायला तो नाही. पण माझ्या उठून जाण्यानं मेंढरं मेहुण्यांची झाली नव्हती. मी आगाऊ बोलले म्हणून माझ्या बापाची बोटं सरळ झाली नव्हती. भाऊ, तुम्ही मला धडा शिकवायचा होता तर मला शिकवायचा. म्हातारा दोरीबाहेर उभा होता, तुम्ही मंचावरून त्याच्याकडं बघितलं, मी स्वतः बघितलं तुम्ही बघताना. तरी तुम्ही दुसऱ्याचं नाव घेतलंत.

तुम्ही अजून आहात, चालते-फिरते आहात. तो थोरला भाऊही आहे. त्याचं घर तुम्हाला माहीत आहे, त्याच्या धाकट्याला तुम्हीच तिथून कॅम्पवर नेलं होतं. त्याच्या दारात जा आणि त्याला सांगा, धनगर तीन दिवसांत का सुटला. आणि त्यानं विचारलं की इतकी वर्षं का सांगितलं नाही, तर त्याचं उत्तर द्या. मला देऊ नका, त्याला द्या.