गोलातलं गोलात

अंगाने काडीपैलवान, गालफडं बसलेली, शर्ट हँगरला लटकावल्यासारखा. आणि अशा माणसाला मुलं गोलसर म्हणायची. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी हे नाव ऐकून पोरांना हसू फुटायचं. संध्याकाळी गोल झाला की कळायचं, नाव कशावरून पडलंय ते, आणि हसणं आपोआप थांबायचं.

टेकडीच्या पायथ्याशी, तळ्याच्या काठी त्यांचं शिबिर होतं. पत्र्याच्या चार शेड, रांगेत तंबू, झाडांना बांधलेले दोर आणि पोरांनी ढकलाढकली करून चढायची एक उंच लाकडी भिंत. शाळा आठवी-नववीच्या मुलांना बसमध्ये भरून इथे पाठवायच्या. चार दिवस मोकळ्या हवेत राहिलं की मूल पुढारी होऊन परत येतं, असा पालकांचा समज. जणू पुढारीपण म्हणजे सर्दीच, वारा लागला की झाली! पोरं रिकाम्या पिंपांचा तराफा बांधायची, तो तळ्याच्या मध्यावर हमखास सुटायचा, मग कुणी कुणाला बुडवलं यावर भांडायची. डोळ्यांवर पट्टी बांधून दोराला धरून चालायची आणि झाडांवर आपटायची. हे सगळं गोलसर लांब उभे राहून बघायचे. पूर्वी ते एका शाळेत पीटीचे मास्तर होते, शिट्टी फुंकून फुंकून कंटाळले आणि इथे आले. इथे त्यांना त्यांचं काम सापडलं. ते काम म्हणजे ऐकणं.

रोज सूर्य टेकडीआड गेला की सगळी बॅच तळ्याकाठी सतरंज्यांवर गोल करून बसायची. एक गुळगुळीत दगड हातोहात फिरायचा. ज्याच्या हातात दगड तो बोलणार, बाकीच्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरायची. हसायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, ‘रडू नकोस रे’ असंसुद्धा म्हणायचं नाही. बोलणाऱ्याचं बोलून झालं की सर एवढंच म्हणायचे, “ऐकलं. पुढे.” आणि गोलातलं गोलात राहायचं. शाळेच्या बाईंना सांगायचं नाही, घरी सांगायचं नाही. जो बोलला त्याच्यापाशीसुद्धा तो विषय आपण होऊन काढायचा नाही. त्याला वाटलं तर तो काढेल.

ही शेवटची अट सरांनी स्वतः घातली होती, आणि ती त्यांच्यासाठी दगडावरची रेघ होती. सुरुवातीच्या काळात एक दांडगा मुलगा गोलात म्हणाला होता की त्याला अजून अंधाराची भीती वाटते. सरांना वाटलं, शाळेच्या मास्तरांच्या कानावर घालावं, ते पोराला सांभाळून घेतील. मास्तरांनी परतीच्या बसमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, “काय पैलवान, खिडकीजवळ बसतोस ना, उजेडात?” पुढच्या वर्षी त्याच शाळेची बॅच आली तेव्हा सरांनी त्या मुलाची चौकशी केली. त्याने शाळा बदलली होती. ते ऐकून सरांना दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि त्यानंतर गोलातला एक शब्द त्यांनी बाहेर नेला नाही, की बोलणाऱ्यापाशी आपण होऊन काढला नाही.

आता सरांच्या घरचं सांगतो. बायको चष्म्याच्या दुकानात होती. काचा घासायची, दांड्या वाकवायची, गिऱ्हाइकाच्या नाकाला शोभेल अशी फ्रेम काढून द्यायची. मोठी बोलघेवडी बाई. “तुम्ही जगाला पुढारी करा, घरात पुढारी कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे,” असं म्हणून ती टाळीसाठी मुलीपुढे हात करायची, आणि मायलेकी मिळून त्यांची टर उडवायच्या. सरांना घरात बोलावं लागायचंच नाही. दोघांच्या वाटणीचं ती एकटी बोलायची. मग तिला दुखणं लागलं. एक उन्हाळा हॉस्पिटलात गेला आणि पावसाच्या आधी ती गेली. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती.

आलेगेले सगळे एकच सांगून गेले, “पोरीसमोर रडू नका, तिला आठवण येईल असं काही काढू नका.” शिस्तीचा माणूस, त्यांनी तेही नियमासारखं पाळलं. बायकोचे कपडे, चष्मे, दुकानातली छोटी पक्कड, सगळं कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेलं. भिंतीवरचा फोटो रंगकामाच्या निमित्ताने उतरला तो पुन्हा चढला नाही. सर शिबिरावर असले की मुलगी शेजाऱ्यांकडे राहायची; घरी असले की बापलेक शाळेचं बोलत, भाजी-दुधाचं बोलत, पाऊस येणार की नाही याचं बोलत. घरात भांडण नव्हतं, तंटा नव्हता. बोलघेवड्या बाईच्या घरात आता फ्रिजची घरघर ऐकू यायची.

मुलगी आठवीत गेली आणि तिच्या शाळेची बॅच शिबिराला यायची ठरली. सर म्हणाले, “तुला यायलाच पाहिजे असं नाही. तिथलं सगळं तुला पाठ आहे.”

“मला यायचंय,” ती म्हणाली.

“तिथे मी फक्त तुझा बाप नाही हं. सगळ्यांना सारखं.”

“माहितेय मला. गोलात बसायचंय मला.”

सरांना बरं वाटलं. लेकीला बापाच्या कामाचं कौतुक आहे, असा त्यांनी अर्थ लावला. शिबिरात ती चांगली वागली. तराफ्याच्या गाठी तिनेच मारल्या, आणि तिच्या गटाचा तराफा काठापर्यंत पोचला. सरांनी लांबून बघितलं आणि तोंड दुसरीकडे फिरवून ते हसले.

शेवटच्या संध्याकाळी दगड तिच्या हातात आला. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि सरांकडे न बघता बोलायला लागली.

“आमच्या घरात आईचं नाव घेत नाहीत. घेऊ नको असं कुणी सांगितलेलं नाही, पण घेत नाहीत. मला कधीकधी वाटतं, बाबा तिला विसरले. मला तिच्याबद्दल खूप विचारायचंय. पण घरी विचारलं तर बाबांना त्रास होईल. इथे बाबा सगळ्यांचं ऐकून घेतात, म्हणून इथे बोलले. झालं माझं.”

सगळ्या बॅचला ठाऊक होतं ती कुणाची मुलगी ते. पोरं सरांकडे बघायला लागली. शेजारी बसलेल्या दोरवाल्या मॅडम, म्हणजे मुलांना दोरावरून चालायला शिकवणाऱ्या त्यांच्या सहकारी, त्याही बघायला लागल्या. सरांनी मान खाली घातली होती. सतरंजीच्या एका सुटलेल्या दोऱ्यावर त्यांची नजर होती. मग त्यांनी मान वर केली.

“ऐकलं. पुढे.”

दगड पुढच्या मुलाकडे गेला. त्याला घरच्या कुत्र्याची आठवण येत होती.

आता कुणी म्हणेल, हा माणूस काय दगडाचा होता? नव्हता. त्यांच्या मनात आलं, आज आपल्या पोरीसाठी नियम मोडला तर उद्या या मुलांनी कशावर विश्वास ठेवायचा? लोकांच्या पोरांना नियम आणि आपलीला सूट? हे त्यांना खरंच वाटत होतं. पण मला विचाराल तर आणखीही एक गोष्ट खरी होती. त्या क्षणी नियम होता म्हणून त्यांची सुटका झाली. नियम नसता तर त्यांना तिथे, सगळ्यांसमोर, बायकोचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते त्यांना जमलं नसतं. भित्र्या माणसाला नियमाची ढाल फार सोयीची असते.

दुसऱ्या दिवशी शाळेची बस गेली. आवराआवर करून सर दोन दिवसांनी घरी पोचले. मुलीने दार उघडलं, त्यांच्या हातातली पिशवी घेतली, जेवण गरम करून वाढलं. स्वतःचं ताट घेऊन समोर बसली. घास हातात तसाच ठेवून ती त्यांच्याकडे बघत होती.

“दमलात?”

“थोडा.”

“काही बोलायचंय का तुम्हाला?”

सरांना कळलं, कशाबद्दल ते. पण तिने विषय काढलेला नव्हता. नुसतं विचारलं होतं. “नाही ग,” ते म्हणाले, “जेव तू.”

ती जेवली. पुढे एका रविवारी ते बाहेरून आले तर टेबलावर बायकोचा जुना चष्मा ठेवलेला. मुलगी आत अभ्यास करत होती, दार अर्धं उघडं. तिने खुर्चीवर चढून तो वरच्या कप्प्यातून काढला असणार. सरांनी चष्मा उचलला, शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या, थोडा वेळ हातात धरला. मग सारखा डोळ्यांसमोर राहून पोरीला उगाच त्रास नको म्हणून पुन्हा कपाटात ठेवून दिला. कपाटाचं दार लावल्याचा आवाज आत ऐकू गेला असेल.

दोरवाल्या मॅडमना राहवलं नाही. तराफ्याची पिंपं धुताना त्या म्हणाल्या, “सर, बोललात का हो पोरीशी?”

“कशाबद्दल?”

“आता वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. कशाबद्दल म्हणे!”

“ते गोलातलं आहे. तिने विषय काढला की बोलेन.”

“अहो, तेरा वर्षांची पोर ती! अख्ख्या बॅचसमोर बोलली, आणखी कसा काढायचा विषय तिने? आपण जगाच्या पोरांचं ऐकतो आणि घरात मात्र दिव्याखाली अंधार.”

सर पिंपाच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ खरवडत राहिले. मॅडमचं म्हणणं त्यांना पटलं होतं, पण पटणं आणि जमणं यात त्यांच्या बाबतीत फार अंतर होतं. आज बोलू, परीक्षा झाली की बोलू, सुट्टी लागली की निवांत बोलू, असं करता करता मुलगी दहावी झाली आणि पुढच्या शिक्षणाला मावशीच्या गावी गेली. जायच्या दिवशी त्यांनी तिची बॅग स्वतः भरली, दोरीने बांधून गाठी मारून दिल्या, आणि बसमध्ये बसवताना पाण्याची बाटली घेतलीस ना, तेवढं दोनदा विचारलं.

मुलगी मार्गाला लागली. नोकरी धरली, वेगळी खोली घेतली. फोन करायची, तब्येत विचारायची, सणावाराला यायची. वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. आल्यागेल्याशी वागावं तशी ती बापाशी वागायची.

सर शिबिरातून निवृत्त झाले त्या वर्षी मेहुणीचा फोन आला. गप्पांच्या ओघात ती बोलून गेली, “भाऊजी, रागावू नका, पण सांगते. माझ्याकडे आली ना ती, तेव्हा मी विचारलं, बाबांना सोडून राहवेल का ग? तर म्हणाली, मावशी, शिबिरावरून आल्यावर मी खूप दिवस वाट बघितली. ताईचा चष्मासुद्धा काढून ठेवला होता म्हणे तिने. मग सोडून दिलं, म्हणाली. कसली वाट ते काही तिने मला सांगितलं नाही.”

फोन ठेवल्यावर सरांना कळलं, ती वाट कसली होती. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत. पण झोपा तरी करावा म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी बस पकडली.

मुलीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेले मोजे. तिने त्यांना पलंगावर बसवलं, पाणी दिलं. “न कळवता आलात? सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. मला तुझ्या आईबद्दल बोलायचंय.”

ती थांबली. मग खुर्ची ओढून समोर बसली. सर बोलत सुटले. दुकानात पहिल्यांदा त्यांनी तिला कशी पाहिली, गरज नसताना चष्मा करायला ते तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती कशी म्हणाली, “डोळे तपासून झाले, आता डोकं तपासून घ्या.” मुलगी झाली त्या दिवशी ती काय म्हणाली. हॉस्पिटलात शेवटी शेवटी नर्सच्या चष्म्याची दांडी तिने पलंगावर बसून कशी नीट करून दिली. सर बोलता बोलता रडले, आणि रडणं लपवायला ते विसरले. मुलगी मांडीवर हात ठेवून ऐकत होती. मध्ये एकदा ती हसली. पण परक्या घरातल्या माणसांचं ऐकावं तसं ते ऐकणं होतं.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “राग नाही हो माझा. पण मला ती आता नीट आठवतच नाही. चेहरा फोटोतला आठवतो. तुम्ही सांगताय ते छान आहे, पण ते कुणा दुसऱ्याचं वाटतं.” मग तिने विचारलं, “आवाज कसा होता तिचा? तेवढं सांगाल? ती मला हाक मारायची ती कशी?”

सरांनी सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. पुन्हा उघडलं. बायको काय बोलायची ते शब्द न् शब्द ठाऊक होतं, पण तिचा आवाज काही आठवेना. मनातल्या मनात त्यांनी हाक मारून बघितली, ती त्यांच्याच आवाजात आली. इतकी वर्षं दाबून ठेवताना तो आवाज कधी गेला, त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. त्या संध्याकाळी तळ्याकाठी तो त्यांच्या कानात लख्ख होता; म्हणून तर त्यांच्याने बोलवलं नव्हतं.

मुलीने जरा वेळ वाट बघितली. मग “राहू द्या बाबा,” म्हणून ती उठली आणि चहा ठेवायला गेली.