हायड्रोवरचा माणूस

भगवान साळवे पोटासाठी बसायचा. कॅम्प तीनच्या एका गल्लीत जीन्स धुण्याचा कारखाना होता आणि तिथे ओल्या पँटी पिळून काढणारं एक यंत्र होतं. त्याला सगळे हायड्रो म्हणत. बाहेरून लोखंडी पिंप, आत भोकाभोकांची टोपली. टोपली गरगर फिरली की कपड्यांतलं पाणी बाहेर फेकलं जायचं. ती फिरू लागली की भगवान झाकणावर चढून बसायचा. हीच त्याची नोकरी.

यंत्र जुनं होतं. फरशीला जखडणारे बोल्ट कधीच तुटून गेले होते. सुरू झालं की ते आधी कुरकुरायचं, मग वेग धरता धरता असं थडथडायचं की जागचं सरकायचं आणि भिंतीवरच्या झुलेलालच्या तसबिरीचा हार हलायचा. वेग आणखी वाढला की मात्र एकाएकी शांत. इतकं शांत, की भगवान मांडीशेजारी चहाचा ग्लास ठेवायचा आणि चहावरची साय मोडायची नाही. बंद करतानाही वेग उतरता उतरता मधेच पुन्हा थडथड व्हायची आणि मग ते थांबायचं.

ती थडथड आपल्या वजनाने जिरते, अशी भगवानची समजूत होती. मालक हरेशसेठचीही तीच. कोणी तपासून पाहिलं नव्हतं.

वजन म्हणून वापरलं जाणं भगवानला नवं नव्हतं. कॅम्प दोनमधल्या घरावर पत्रे होते. वारा सुटला की बाप त्याला पत्र्याच्या कोपऱ्यावर बसवायचा. शेजारचे लोक दगड शोधत फिरायचे, साळव्यांना दगड लागायचे नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीत टेम्पोच्या एका कडेला जनरेटर असायचा, दुसऱ्या कडेला भगवान. शालनला बघायला गेला तेव्हा यजमानांच्या खाटेची जी बाजू ढिली होती तिथेच तो बसला आणि पोहे संपेपर्यंत हलला नाही. पोरगा स्थिर आहे, असं शालनच्या आईने तेवढ्यावरून ठरवलं. पुढे अंबरनाथला तो ज्या कारखान्यात होता तो बंद पडला. गेटसमोरच्या धरण्यातून सगळ्यांत शेवटी तो उठला, तेही मांडववाल्याला सतरंजी हवी होती म्हणून.

मग तो हायड्रोवर आला आणि काही वर्षांनी रक्तात साखर निघाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन उतरवा. नाहीतर आधी पाय जाईल, मग डोळे, मग बाकीचं."

"बाकीचं म्हणजे?"

"तुम्ही."

घरी शालनने ताटातला भात अर्धा केला. भगवान ताटाकडे बघत म्हणाला, "आणि नोकरी?"

"नोकरीला काय झालं?"

"ती वजनाची आहे."

"हडकुळ्या माणसांना नोकऱ्या नसतात का, अहो?"

"असतात. वर बसायच्या नसतात."

शालनने ऐकलं नाही. वजन उतरू लागलं. झाकणावर बसल्यावर भगवानला आता यंत्र पूर्वीपेक्षा जास्त उसळतंय असं वाटायचं. धागे कापायला वांगणीकडून विठा यायची. पँटींच्या ढिगात बसून ती कात्री चालवायची आणि तोंडही. "भगवानभाऊ," ती म्हणाली, "तुमच्या पँटीत आता अजून एक माणूस मावंल. भाड्यानं द्या."

हरेशसेठ गल्ल्यावरून बघत होता. "भगवान, तू सूख रहा है क्या? मशीनला कळेल हां."

मशीनला कळू नये म्हणून भगवानने उपाय केला. भंगारवाल्याकडून तराजूची जुनी लोखंडी वजनं आणली, फडक्यात बांधली आणि सदऱ्याखाली कमरेला गुंडाळली. कामावर जाताना गल्लीच्या तोंडाशी बांधायचा, परतताना सोडून पिशवीत टाकायचा. घरी वजन उतरत होतं, कारखान्यात ते जसंच्या तसं होतं. दोन्हीकडची माणसं समाधानी होती.

हे काही दिवस चाललं. मग एका सकाळी, अर्ध्या पोटी आणि लोखंडासकट झाकणावर चढताना, त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो ओल्या पँटींच्या ढिगावर पडला. विठा बाजूला सरकली म्हणून वाचली. दवाखान्यात सलाईन लावलं. शालनने कमरेचं फडकं सोडलं, वजनं एकेक करून स्टुलावर ठेवली.

"हे काय?"

"नोकरी," भगवान म्हणाला.

वजनं घरी नेऊन शालनने खाटेखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भगवान कारखान्यात गेला तो सेठला सांगायला, की दुसरा माणूस बघा. वाक्य त्याने वाटेत तयार केलं होतं. पण दारात पोचल्यावर ते बोलायला जागाच नव्हती, कारण आत आरडाओरडा चालू होता.

रूपेश नावाचा कामगार टोपली भरून बाजूला झाला होता. हरेशसेठ स्वतः भिंतीवरच्या बटणापाशी उभा होता. यंत्र कुरकुरलं, वेग धरला, थडथडू लागलं.

"अरे, दीवार जाएगी!" सेठ ओरडला आणि त्याने बटण बंद केलं. वेग उतरला, यंत्र पुन्हा एकदा थडथडलं आणि थांबलं.

"सेठ, जरा थांबा ना," रूपेश म्हणाला. "होईल शांत."

"तेरे बाप की दीवार है? चालू कर."

चालू झालं. थडथडलं. सेठने बंद केलं.

"सकाळपासनं ह्येच," विठा कात्री न थांबवता भगवानला म्हणाली. "एक पँट सुकली नाय. सेठ मातर घामानं भिजलाय."

भगवान दारातच उभा राहिला. इतकी वर्षं तो या यंत्रावर होता, पण समोरून त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. थडथड वाढत वाढत टोकाला जायची, टोपलीचा आवाज बदलू लागायचा आणि नेमका तेव्हा सेठचा हात बटणावर पडायचा. यंत्र पलीकडे पोचायच्या बेतात असायचं. त्याला कोणी पोचू देत नव्हतं.

भगवानने सेठची प्लास्टिकची खुर्ची उचलली, बटणाखाली ठेवली आणि भिंतीला पाठ लावून बसला. बटण त्याच्या खांद्यामागे गेलं.

"भगवान! आलास! अरे, इथे नको, ऊपर बैठ!"

"इथून धरतो."

"इथून कसं धरणार?"

"जमतं आता. सवय झाली."

त्याने हात मागे नेऊन बटण दाबलं. यंत्र कुरकुरलं. मग थडथडू लागलं. फरशीवर वीतभर सरकलं. झुलेलालचा हार एका बाजूने सुटला. हरेशसेठ धावत आला. "हट भगवान, हट जा! बंद कर!"

भगवान हलला नाही. हे त्याला येत होतं. सेठने त्याचा खांदा ओढला, मग दोन्ही खांदे ओढले. पत्रा असता तर उडाला असता.

आणि यंत्र शांत झालं. नुसती एक बारीक गुणगुण उरली. रूपेशने रिकाम्या झाकणावर हात ठेवून पाहिला.

"मानना पडेगा," सेठ धापा टाकत म्हणाला. "लांबून पण धरतोस. कल भी आना."

भगवान झाकणाकडे बघत होता. तो बसायचा तिथला रंग उडून लोखंड चकचकीत झालं होतं. तयार केलेलं वाक्य त्याने गिळलं. खरं काय ते सांगावं, असं एकदा वाटलं. पण ते कळलं तरी सेठचा हात थांबला नसता, म्हणून तेही राहिलं.

रात्री जेवताना शालनने विचारलं, "वजनं भंगारवाल्याला परत देऊ?"

"दे."

"आणि नोकरी?"

"आहे. खुर्चीवर बसायचं."

शालनचा हात थांबला. "मग एवढी वर्षं त्याच्यावर चढून कशाला बसत होता?"

भगवानने विचार केला. "मी वर असलो की कोणी बटणाला हात लावत नव्हतं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने अर्धा भात वाढला. तो लगेच संपला.

"पोट फार ओरडतंय," भगवान म्हणाला.

"ओरडू दे. होईल गप."

भगवानने भाताच्या पातेल्याकडे पाहिलं. शालनने पाट उचलला, पातेल्याच्या पुढ्यात टाकला आणि ती त्यावर बसली.