खडूची न्हाणी

शेजारच्या माधवरावांनी गच्चीवर खडूने चौकोन आखलाय. बेडरूममधली न्हाणी ते नवरा-बायको स्वतःच्या हाताने नव्याने करणार आहेत, म्हणून ही आधीची आखणी. मी आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वहिनी साडी खोचून चौकोनातल्या स्टुलावर बसल्या आणि रिकाम्या तांब्याने डोक्यावर पाणी घेतल्यासारखं करू लागल्या.

"नळाला कोपर लागतंय का गं?"

"किंचित."

माधवरावांनी लगेच ओल्या फडक्याने खडूचा नळ पुसला आणि वीतभर पलीकडे पुन्हा काढला.

माझा नुसता जळफळाट झाला. आमची न्हाणी गेल्याच वर्षी झाली. चकचकीत फरशा, भिंतीत बसवलेला शॉवर. "सगळं भारीतलं लावा," असं यांनी ठेकेदाराला सांगितलं आणि काम झाल्यावर मला बघायला बोलावलं. बघायला येणारे अजून कौतुक करतात. आणि मी जळत होते अजून न झालेल्या, पावसाच्या एका सरीने वाहून जाईल अशा न्हाणीवर!

कपडे संपल्यावर अंघोळीला गेले. टॉवेल काढायला रोजच्यासारख्या टाचा उचलल्या. खुंटी यांच्या उंचीला लावलेली आहे.