सोयरीक मोडू नये म्हणून

चोपड्याच्या सुंदरबाईंनी जन्मभर एकच काम मन लावून केलं: घरातलं घरात ठेवलं. दिराची दारू असो की नवऱ्यानं, रुपचंदनं, उगारलेला हात असो, सगळं पदराखाली. गल्ली त्यांना शहाणी म्हणायची. असलं शहाणपण बाईला खाऊन टाकतं, हे गल्लीला कोण सांगणार?

१९९१ साली केळी कापणीच्या दिवसांत त्यांचं पोट फुगू लागलं. दोन घासांत जेवण उरकायचं. आई आणि थोरली बहीण अशीच पोटं फुगून गेल्या होत्या, त्यामुळे काय ते त्यांना आतून कळलंच. पण लेकीची, ताईबाईची, सुपारी नुकतीच पारोळ्याला फुटली होती. यांच्या माहेरच्या बायकांना हे दुखणं होतं अशी कुजबूज झाली असती, तर सोयरीक मोडलीच असती.

जळगावच्या दवाखान्यात होणारी विहीण, भिकुबाई, रीतीप्रमाणे भेटीला आली आणि जवळच बसून राहिली. डॉक्टरीणबाईंनी नेमकं तिच्यादेखत विचारलं, "आईला, बहिणीला असं काही झालं होतं? अंडाशयाचा कॅन्सर काही घराण्यांत जास्त दिसतो. लेकरं झालेल्या बाईला धोका कमी असतो, पण माहेरी असेल तर तेवढ्यावर भागत नाही."

सुंदरबाईंनी विहिणीकडे पाहिलं. "नही बाई. माय म्हतारपननी गई. बहीनले साप चावना."

भिकुबाई गप्प राहिली. चार बाळंतपणं झालेली, माहेरीही काही नाही, म्हणजे पोटातलं पाणी टीबीचं असणार, असं ठरलं. सुंदरबाई टीबीच्या गोळ्या गिळत राहिल्या आणि लेकीच्या लग्नात लुगडं सैल नेसून मिरवल्या. पाहुणे म्हणाले, तब्येत भरली.

पुढे दुखणं सोसेना. धुळ्याला पोट उघडलं आणि तसंच शिवून घरी पाठवलं. भिकुबाई सुनेला घेऊन भेटायला आली. ताईबाई पाणी आणायला आत गेली, तसा सुंदरबाईंनी विहिणीचा हात धरला. आता जीव अडकला होता तो लेकीत.

"इहीनबाई, त्या दिनले मी खोटं सांगं. मनी माय, मनी बहीन, दोन्ही याच दुखनानी गयात."

"माले ठाऊक व्हतं," भिकुबाई म्हणाली. "सुपारीना आधीच आम्ही बठ्ठी चौकशी कयी व्हती."

"मंग डॉक्टरीनपुढे काबर नही बोलन्यात?"

"इहीनना शब्द लोकेसमोर खोटा कसा पाडू?"

सुंदरबाईंना संतापानं रडू फुटलं. ज्या गुपितापायी जीव घालवला, ते गुपित नव्हतंच. "मंग मनी पोर केली काबर?"

भिकुबाईनं पदरानं त्यांचा घाम पुसला. "पोर कामले वाघीन शे. आनि तुमले बी पन्नाशीलोंग काय झायं? तवलोंग तिले चार लेकरं व्हई जातीन. मंग पुढलं कोन देखस."

ताईबाई तांब्या घेऊन आली. सुंदरबाईंनी उरलासुरला दम गोळा केला. "ताई, हाई दुखनं आपला घरनं शे. तू डॉक्टरले सांग. लपाडू नको."

ताईबाईनं आधी सासूकडे पाहिलं, मग दाराकडे. "हळू बोल, माय," ती म्हणाली.