तनिषाने बांधलेले फेटे

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळाच्या लेखी तनिषा एडिनबराला मेडिकल शिकत होती. खरं तर ती घरापासून तीन चौक पलीकडे, टायरच्या गॅरेजमध्ये कामाला होती आणि घर सुटलेल्या पोरांच्या हॉस्टेलवर राहत होती. सोळाव्या वर्षी मारामारीपायी शाळेने काढलं, अठराव्या वर्षी घराने. एडिनबरा ही तिच्या बाबांची, डॉक्टर शशिधरांची, कल्पना. लोकांना काहीतरी सांगायला हवंच ना!

पण आजोबांनी शिकवलेला फेटा तिच्यासारखा दुसऱ्या कुणालाच जमत नसे. म्हणून गणपतीच्या मिरवणुकीआधी बाबांचा मेसेज आला : ‘सकाळी आठला हॉलवर ये. मागच्या खोलीत बस. बांधून टेबलावर ठेव. लोक जमायच्या आत नीघ.’

तिने ‘ओके’ लिहिलं. मनात मात्र पक्कं केलं, यंदा आपण चालायचं. सगळ्यांच्या देखत.

हॉस्टेलमधली मायरा सोबत आली होती. तिच्या डोक्यावर फेटा बांधायचा, पीळ घट्ट करायचा, अलगद उतरवून टेबलावर मांडायचा. असे एकवीस झाले.

“माझी मान गेली,” मायरा कुरकुरली. “आता एक मला पाहिजे.”

“घे की. बाविसावा तुझा.”

तो बांधून होतोय तेवढ्यात बाबा आले. “झालं? छान. आता मागच्या दाराने जा. आणि हिच्या डोक्यावरचा फेटा काढ, पाहुण्यांसाठी आहे.”

“तो तिचा आहे.” तनिषाने उरलेलं कापड स्वतःच्या अर्ध्या भादरलेल्या डोक्याला गुंडाळायला घेतलं. “आणि हा माझा. मी चालणार आहे, बाबा.”

“तनू, प्लीज. लोक विचारतील.”

“विचारू देत.”

तुरा खोचून ती पुढच्या दाराने बाहेर पडली. मागोमाग मायरा. पार्किंगमध्ये नऊवाऱ्या, ढोल, पालखी, सगळं तयार. मंडळाच्या अनुराधाकाकू पुढे धावल्या.

“अगंबाई, तनिषा! एडिनबराहून कधी आलीस?”

बाबा दारातच थबकले. हात जोडल्यासारखे झाले होते त्यांचे. तनिषाला ते दिसले. तरी ती काकूंकडे वळली.

“एडिनबरा मी अजून बघितलंसुद्धा नाही, काकू. मी इथेच असते. गॅरेजमध्ये टायर बदलते. ही मायरा, आम्ही हॉस्टेलवर एकत्र राहतो. आणि आज सगळ्यांच्या डोक्यावर जे फेटे चढतील ना, ते आम्ही बांधलेत.”

मागे कुणीतरी कुजबुजलं. काकूंनी एकदा शशिधरांकडे पाहिलं, एकदा तिच्या मानेवरच्या टॅटूकडे.

“टायर? बरं बाई,” त्या म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या. जवळ घेतलं नाही, पण वाटही अडवली नाही.

ढोल घुमला. तनिषा मायराचा हात धरून पालखीमागच्या पहिल्याच रांगेत घुसली. बाबांनी लांबून खूण केली, मागे ये. तिने पाहिलं आणि पाऊल पुढे टाकलं.