सुमतीबाईंनी पुरवलेले डोहाळे

नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिगृहात सुमतीबाई अठरा वर्षं पांढरे उंदीर सांभाळत आहेत. खापरखेड्याहून पहिल्या बसनं येतात, पिंजऱ्यांतला भुसा बदलतात. मादी तळहातावर घेतली की ती गाभण आहे का, हे त्यांना वजनकाट्याच्या आधी कळतं. मावशींच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. हर्षा कामाला लागेपर्यंत.

यंदा संशोधन करणाऱ्या अश्लेषानं गाभण माद्यांच्या दोन रांगा केल्या. खाद्याची सरमिसळ नको म्हणून डावी रांग सुमतीबाईंकडे दिली, उजवी हर्षाकडे. खाद्य दिसायला सारखंच होतं. तरी आठवड्याभरात हर्षाच्या माद्या गुबगुबीत झाल्या आणि सुमतीबाईंच्या रोडावल्या.

"काय जादू करतेस गं?" अश्लेषानं हर्षाला गमतीनं विचारलं.

"काही नाही मॅडम. बोलत राह्यतो मी त्याइच्याशी."

सुमतीबाईंनी त्या दुपारी जेवणाचा डबा उघडला नाही. बोलत तर त्याही होत्या, अठरा वर्षं. हर्षाची कोवळी, भेगा न पडलेली बोटं त्या बघत राहिल्या.

शनिवारी त्या इतवारीच्या बाजारातून तीळ आणि शेंगदाणे घेऊन आल्या. पोटुशीचे डोहाळे पुरवले नाहीत तर बाळ खुजं राहतं, हे त्यांनी सासूकडून ऐकलं होतं. हर्षा चहाला गेली की त्या आपल्या प्रत्येक मादीला चिमूटभर कूट घालत.

गर्भारपणाच्या अठराव्या दिवशी माद्यांची पोटं उघडून गर्भ पोसणारी वार तोलली गेली. अश्लेषा आकडे पुन्हा पुन्हा बघत होती.

"मावशी, तुमच्या रांगेच्या खाद्यात मी एक घटक मुद्दाम कमी ठेवला होता. त्यापासून शरीरात सेरोटोनिन बनतं. आईच्या रक्तात ते कमी पडलं तर वार लहान राहते का, हे बघायचं होतं. म्हणून तर त्या रोडावल्या. मग वार मोठी कशी?"

"म्हंजे तो हर्षाच्या हाताचा गुण नव्हता?"

"हाताचा काय संबंध?"

सुमतीबाईंना एवढं हलकं वाटलं, की त्यांनी भुशाच्या पोत्यामागचा कुटाचा डबा स्वतःच आणून टेबलावर ठेवला.

अश्लेषानं झाकण उघडलं आणि ती खुर्चीत बसली. "तो घटक तीळ-शेंगदाण्यांत भरपूर असतो, मावशी."

"डोहाळे पुरवून राह्यल्या होत्या काय मावशी?" हर्षा म्हणाली. "मले सांगतलं असतं, तर गूळ आणला असता."

कुणी हसलं नाही. डाव्या रांगेतल्या बारा माद्या फुकट गेल्या होत्या. सुमतीबाईंनी त्यांचे रिकामे पिंजरे त्या दिवशी दोनदा धुतले.

नव्या खेपेला अश्लेषानं दोन्ही रांगांचे पिंजरे मिसळून वाटले. खाद्याच्या पिशव्यांवर नुसते अंक.

"कोणत्यात कमी हाय, मॅडम?" सुमतीबाईंनी विचारलं.

"या वेळी मलाही माहीत नाही."

सुमतीबाई मान हलवून कामाला लागल्या. हर्षा चहाला गेली, तशी त्यांनी तिच्या पिंजऱ्यातली एक मादी उचलून तळहातावर धरली. मग आपली एक. दोन्ही वजनाला सारख्याच भरल्या, म्हणून त्यांनी पुन्हा धरून पाहिल्या.